इंडस क्रीड: पहिलं कोणतं गाणं ऐकावं?

संतपूरहून सांगतोय मंडळी, आमच्याकडे भजनं, कन्नड गाणी, हिंदी सिनेमा सगळं वाजतं. पण रॉक ऐकायचं तर सुरुवात आपल्या मुंबईच्या बँडपासून करा.

1984 साली 'रॉक मशीन' नावाने हा बँड सुरू झाला आणि 1993 मध्ये 'इंडस क्रीड' झाला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. त्या काळात कॉलेजच्या कार्यक्रमांत बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. यांनी इंग्रजीतच, पण स्वतःची गाणी लिहिली आणि 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला.

चाहत्यांत 'टॉप ऑफ द रॉक' आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्यांवरून कायम वाद. पहिलं नुसतं दणदणीत. 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला 1993 मध्ये एमटीव्हीचा आशिया विभागातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. माझं मत 'प्रिटी चाइल्ड'लाच, कारण त्यात उदयचा आवाज पुढे येतो.

1997 मध्ये बँड फुटला, 2010 मध्ये पुन्हा जमला. 2012 च्या 'इव्हॉल्व्ह' अल्बमचं मिक्सिंग टिम पामरने केलं. पर्ल जॅम या बँडचा 'टेन' अल्बम मिक्स करणारा तोच. 'इव्हॉल्व्ह'मधलं 'फायरफ्लाइज' हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर त्यातला बेस हरवतो. रुशाद मिस्त्रीचा बेस आहे हो, तो चुकवू नका!

तुमचं मत कुणाला?