भारतातील शेतीवरील सरकारी खर्च आणि अन्नपुरवठा

भारतातील शेतीवरील सरकारी खर्च म्हणजे केंद्र व राज्य सरकारांनी पाटबंधारे, कृषिसंशोधन, खते, वीज, धान्यखरेदी, साठवण इत्यादी बाबींवर केलेला खर्च होय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती हा राज्यांचा विषय आहे. मात्र खतांवरील अनुदान, धान्याची खरेदी आणि आयात यांचा भार मुख्यतः केंद्र सरकार उचलते.

इतिहास

पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५१–५६) शेती व पाटबंधारे यांना प्राधान्य होते. दुसऱ्या योजनेत अवजड उद्योगांवर भर देण्यात आला आणि शेतीचा वाटा घटला. १९६५-६६ च्या दुष्काळात अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्यातील बहुतांश अमेरिकेतून आले.

या संकटापूर्वीच, १९६५ मध्ये, भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग यांची स्थापना झाली होती. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. तत्कालीन कृषिमंत्री चि. सुब्रमण्यम यांनी या धोरणाचा पुरस्कार केला. केंद्रीय कृषी मंत्रालयात त्यांच्यासोबत महाराष्ट्रातील अण्णासाहेब शिंदे हेही होते. पुढे राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

खर्चाचे प्रकार

शेतीवरील खर्चाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. धरणे, कालवे, रस्ते, गोदामे व संशोधन यांवरील खर्च ही गुंतवणूक होय. तिचे फळ अनेक वर्षांनी मिळते, परंतु दीर्घकाळ टिकते. खते, वीज व पाणी स्वस्त देण्यासाठीचा खर्च हे अनुदान होय. त्याचा लाभ त्याच हंगामात मिळतो, मात्र तो दरवर्षी करावा लागतो. एकूण निधी मर्यादित असल्याने अनुदाने वाढली की गुंतवणुकीसाठी कमी पैसा उरतो.

शेनगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात यांनी भारतातील राज्यांच्या आकडेवारीवरून या प्रश्नाचा अभ्यास केला. कृषिसंशोधनावरील खर्चाने उत्पादकता सर्वाधिक वाढते आणि ग्रामीण रस्त्यांवरील खर्चाने दारिद्र्य सर्वाधिक घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अन्नपुरवठ्यावरील परिणाम

अन्नधान्याचे उत्पादन १९५०-५१ मधील सुमारे ५ कोटी टनांवरून २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टनांवर गेले. सरकारी खरेदीतून उभ्या राहिलेल्या साठ्यावर सार्वजनिक वितरण व्यवस्था चालते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला या धान्याचा हक्क मिळतो.

मर्यादा

किमान आधारभूत किंमत वीसहून अधिक पिकांना जाहीर होते, पण खरेदी प्रामुख्याने गहू व तांदूळ यांची होते. त्यामुळे कडधान्ये, तेलबिया व ज्वारी-बाजरी ही कोरडवाहू पिके मागे पडली. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पंजाबात शेतीला मोफत वीज आणि भाताची हमखास खरेदी यांमुळे भूजलाचा अतिउपसा झाला. २०१० मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांसाठी पोषणमूल्याधारित अनुदान सुरू झाले. युरिया त्यातून वगळल्याने तो तुलनेने स्वस्त राहिला आणि नत्राचा वापर असंतुलित झाला. गोदामे भरलेली असली तरी ताटात डाळ व तेल पुरेसे येईल याची हमी त्यामुळे मिळत नाही.