वणवा विझवतो कोण?

उन्हाळ्यातल्या रात्री यावल, चोपडा किंवा रावेरहून उत्तरेकडे पाहिले, तर सातपुड्याच्या अंगावर कधीकधी एक तांबूस, वाकडी रेघ सरकताना दिसते. लांबून ती शोभिवंत वाटते. पण तो वणवा असतो, आणि त्या रेघेच्या कडेला पुष्कळदा आठदहा माणसे हिरव्या फांद्या घेऊन झुंजत असतात. आज आम्ही बोलणार आहोत ते या माणसांविषयी.

शहरात आग लागली की घंटा वाजवीत बंब येतो. डोंगरावर बंबाला रस्ता नाही, आणि वैशाखात पाणीही नाही. आपली जंगले पानझडीची. साग, सालई, धावडा यांचा पाला फाल्गुनापर्यंत जमिनीवर साचतो, आणि आग झाडांच्या शेंड्यांवरून नव्हे, या पाल्यावरून धावते. मोठा साग जाड सालीमुळे तगतो; खालची रोपे मात्र दरसाल जळतात. जंगल हिरवे दिसते, पण म्हातारे होत जाते.

ही आग विझते ती झोडपून. तोंडासमोर कोणी उभे राहत नाही. मागच्या अंगाने, दोन्ही कडांवर झोडपीत पुढे सरकायचे आणि निखारे जळलेल्या बाजूला लोटायचे. आग चढावर फार जलद धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. २०१८ साली तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेल्या मंडळींपैकी वीसहून अधिक जण वणव्यात गेले. रात्र त्यातल्या त्यात बरी. वारा पडतो, हवेत थोडी ओल येते. आग आवरत नसेल तर पुढची पायवाट गाठून तेथला पाला झाडून काढतात, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. वनखाते उन्हाळ्याआधीच असे पट्टे तयार ठेवते. त्यांना जाळरेषा म्हणतात. आता पाला उडवणारी यंत्रे आली, उपग्रहाने टिपलेली आग भ्रमणध्वनीवर कळू लागली. पण कळल्यावर जायचे कोणी?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने याचे उत्तर सरळ देऊन टाकले. जंगलात गुरे चारणाऱ्याने, लाकूडफाटा नेणाऱ्याने आग विझवायला धावलेच पाहिजे. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. शिवाय कोणी मुद्दाम वा बेफिकिरीने आग लावली, तर त्या जंगलातले चराईचे हक्कच स्थगित करण्याची सोय. आता सांगा, धूर प्रथम पाहणारा गुराखी खबर देईल की वाट बदलेल?

आणि आग लागते कशी? मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि ठिणगी पुढे जाते. फडक्यावर फुले झेलली तर पेटवावे लागत नाही. पाल किंवा मनुदेवीला सहलीला जाऊन चूल तशीच सोडणारे, विडी फेकणारे मात्र आपल्यापैकीच असतात, हे सांगितले पाहिजे.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० नंतर वेगळी वाट धरली. उजाड झालेले सुमारे ११०० एकर जंगल गावाने राखायला घेतले. नियम गावाचे, दंड गावाचा, राखणही गावाची. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. जंगल वाढले, विहिरींना पाणी आले. असे जंगल पेटले तर तेथल्या माणसाचे स्वतःचे पाणी जळते. त्याला कलम दाखवावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांताचे ग्रामीण अग्निशमन दल मुख्यतः स्वयंसेवकांचेच आहे. त्यांना शिक्षण मिळते, पोशाख मिळतो. आपल्याकडचा गडी पुष्कळदा चपलेवर आणि टेरिकॉटच्या सदऱ्यात आगीपाशी जातो. तसले कापड आचेने वितळून कातडीला चिकटते. जाड सुती कपडे, बूट, पाण्याचे डबे, भाजल्यावरची औषधे ही काही मोठी मागणी नव्हे, आणि जळगाव-धुळ्याच्या मंडळांना ती परवडेल.

आग विझली तरी काम संपत नाही. पडलेले ओंडके आतून धुमसत राहतात, दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटतात. म्हणून दोघेतिघे उजाडेपर्यंत तेथेच बसतात, हातात फांदी घेऊन.