थांबतो तो रायडर

उचगावच्या पुलाखाली सकाळी एकदा दहा मिनिटं उभं राहून बघा. हुपरी रोडने येणाऱ्या दुचाकींची रांग, गांधीनगरच्या बाजारपेठेत माल घेऊन निघालेले टेम्पो, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीची पाळी गाठणारे कामगार आणि या सगळ्यातून वाट काढत विद्यापीठाचं लेक्चर गाठणारे तुम्ही-आम्ही. डोक्यावर पुणे-बंगळूर हायवेची धडधड. हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्या, ज्यांच्या मागे बऱ्याचदा ना लाईट, ना रिफ्लेक्टर. यातल्या प्रत्येकाला घरातून निघताना कुणीतरी म्हणालेलं असतं, ‘पोहोचलास की फोन कर.’

रविवारी याच भागातून आपले ग्रुप निघतात. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, जरा जास्त जोर असेल तर आंबोली. ग्रुपला नाव असतं, टाकीवर स्टिकर असतो, इन्स्टावर पेज असतं. कुणाची बुलेट, कुणाची केटीएम, कुणाची वडिलांकडून मागून आणलेली स्प्लेंडर. चर्चा कशाची? टायरची, एक्झॉस्टची, कोण किती वेळात पोहोचला याची. एका गोष्टीवर मात्र कुणी तोंड उघडत नाही. आपल्यातला एक जण पडला तर? आणि पडल्यानंतरचे तीन-चार महिने?

विषय अशुभ वाटतो, म्हणून आपण तो टाळतो. पण आकडे टाळत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. हे आकडे बातमीत येतात. त्याच वर्षी जखमी झालेल्या ४,४३,३६६ जणांचं पुढे काय झालं, याची बातमी होत नाही. ते घरी असतात. कॉटवर. पायात रॉड, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये बाकीच्यांच्या राईडचे स्टेटस.

शर्यतीतसुद्धा थांबतात

डकार रॅली तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिली असेल. जगातली सगळ्यात खडतर रॅली. दोन आठवडे, हजारो किलोमीटर, वाळू आणि दगड. तिथं सेकंदाला किंमत असते. तरीही तिथला एक नियम आपल्या प्रत्येक ग्रुपने पाठ करावा असा आहे. पडलेल्या स्पर्धकाला मदत करायला जो थांबतो, त्याचा त्यात गेलेला वेळ आयोजक नंतर भरून देतात. म्हणजे थांबल्याने कुणी हरत नाही.

२०१६ ची डकार. पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस आघाडीवर होता. वाटेत त्याला ऑस्ट्रियाचा मथियास वाल्कनर पडलेला दिसला. मांडीचं हाड मोडलेलं. गोन्साल्विसने गाडी थांबवली आणि मदत येईपर्यंत तो त्याच्याजवळ बसून राहिला. वाल्कनर त्यातून बरा झाला आणि दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने डकार जिंकली.

गोन्साल्विसची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. पुढे तो आपल्या हिरो मोटोस्पोर्ट्स या भारतीय टीममध्ये आला. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो पडला आणि वाचला नाही. त्या दिवशी त्याच्याजवळ थांबला होता ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता. त्यानेही जिंकण्याचा विचार बाजूला ठेवला.

वर्षभराने, ६ जानेवारी २०२१ ला, त्याच टीमचा बंगळूरचा सी. एस. संतोष पडला. संतोष म्हणजे डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, २०१५ चा. डोक्याला जबर मार, उजवा खांदा निखळलेला. हेलिकॉप्टरने त्याला रियाधच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, डॉक्टरांनी औषधं देऊन कोमात ठेवलं. तो वाचला, भारतात परतला, हळूहळू बरा झाला.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे हेलिकॉप्टर आहे, आपल्याकडे काय? आपल्याकडेही बरंच काही आहे. फक्त ते आपल्याला माहीत नसतं.

पहिला तास

अपघात झाला की गर्दी जमते. निम्मे लोक व्हिडिओ काढतात, उरलेले ‘पोलीस केसची भानगड नको’ म्हणून मागे सरकतात. ही भीती आता जुनी झाली. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना केंद्राने २०१५ मध्ये काढल्या, ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. त्याचा साधा अर्थ असा : जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे खटला होत नाही. २०२० च्या नियमांनुसार पोलीस किंवा हॉस्पिटल तुम्हाला नाव, पत्ता, नंबर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

पैशाचं काय? मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. आपल्या भागात सीपीआर आहे, सरकारी आहे आणि मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे.

आता हाताने करायच्या गोष्टी. आधी तुमच्या गाड्या इंडिकेटर लावून सुरक्षित बाजूला घ्या आणि एकाला थोडं मागे उभं करून येणारी वाहनं हळू करा, नाहीतर एका अपघाताचे दोन होतील. १०८ किंवा ११२ ला फोन लावा आणि जागा नीट सांगा : पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हायवेवर की सर्व्हिस रोडवर, गाडीचं तोंड पुण्याकडे की कागलकडे. सहापदरीकरणाच्या कामात वळणं बदलत असतात, त्यामुळे ‘उचगाव फाट्याजवळ’ एवढं सांगून भागत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. हात-पाय धरून ओढू नका. हेल्मेट ओढून काढू नका, कारण मानेला मार असेल तर त्या एका हिसक्याने आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. श्वास अडकत असेल किंवा उलटी होत असेल तरच, आणि तेही दोघांनी : एकाने डोकं-मान स्थिर धरायची, दुसऱ्याने हळूच हेल्मेट काढायचं. आणि त्याच्याशी बोलत राहा. नाव घेऊन.

पूर ओसरल्यावर

२०१९ चा महापूर आठवा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, ट्रकच्या रांगा, शहर तुटलेलं. तेव्हा कोल्हापूरची पोरं धावली, त्याचं कौतुक झालं. पण ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना विचारा, खरी गरज कधी होती. पाणी ओसरल्यावर. घरात गुडघाभर चिखल होता, कॅमेरे निघून गेले होते आणि फावडं घेऊन कोण आलं, हे त्यांच्या अजून लक्षात आहे.

अपघाताचंही तसंच. पहिल्या दिवशी वॉर्डाबाहेर वीस जण. नर्स ओरडते, तरी हटत नाहीत. रक्त द्यायला रांग. स्टेटसला ‘गेट वेल सून भावा’. तिसऱ्या आठवड्यात दोघे. दुसऱ्या महिन्यात फोन. नंतर तोही नाही. कुणी वाईट नसतं, परीक्षा असतात, कामं असतात. पण हाड आपल्या गतीने जुळतं. मांडीचं किंवा नडगीचं मोठं फ्रॅक्चर भरायला तीन ते सहा महिने सहज जातात, कधी जास्तही. गुडघा आखडतो. तो वाकवायला रोज व्यायाम लागतो आणि तो व्यायाम दुखतो. डोक्याला मार असेल तर आणखी वेगळं. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, पण विसरतो, चिडतो, लवकर थकतो. त्याला ‘नाटकं करतोय’ म्हणणारा मित्र सगळ्यात महाग पडतो.

इथं ग्रुप कामाला येतो. कारण आठ-दहा जणांत काम वाटलं तर कुणालाच जड होत नाही. सोमवार-गुरुवार फिजिओथेरपीला कोण सोडणार, ते ठरवून टाका. एकाने वर्गातल्या नोट्स आणि हजेरीचा विषय बघायचा. हाताला दुखापत असेल तर परीक्षेला लेखनिक मिळण्याबद्दल कॉलेजमध्ये वेळेत विचारायचं. एकाने फाईल सांभाळायची : एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्रत्येक बिल. इन्शुरन्सच्या वेळी हीच फाईल शोधताना घरच्यांची दमछाक होते. आणि एकाने फक्त त्याच्या आई-वडिलांकडे जाऊन बसायचं. काका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एकटे चहा घेत असतात, ते कुणाला दिसत नाही.

आणखी एक. भेटायला जाताना सल्ला घेऊन जाऊ नका. ‘मी तुला सांगितलेलं हळू चालव’ हे वाक्य त्याने स्वतःला रात्रभर ऐकवलेलं असतं. मागे बसलेल्या मित्राला लागलं असेल तर जास्तच. अपघाताचा सीसीटीव्ही व्हिडिओ ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. ब्रेकचा आवाज ऐकून तो दचकत असेल, झोपेत ओरडत असेल, तर त्याची टिंगल करू नका. आठवडे उलटूनही ते थांबलं नाही तर मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या, जसं हाडासाठी ऑर्थोपेडिककडे नेलंत तसंच.

पुन्हा सीटवर?

एक दिवस तो विचारेल, ‘गाडी चालवू का?’ घरातून उत्तर येईल, ‘परत हात लावायचा नाही.’ दोघांचंही बरोबर आहे. पहिला शब्द डॉक्टरांचा. दुसरा त्याचा स्वतःचा. ग्रुपचा यात आवाज नको. ‘काय घाबरतोस’ तर नकोच नको.

जगात याची दोन्ही उदाहरणं आहेत. हिरो टीमचाच जोआकिम रॉड्रिग्ज २०१८ च्या डकारमध्ये पहिल्याच टप्प्यात पडला, पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर. तो परत आला. २०२० मध्ये त्याने मेहुणा गमावला. तो मेहुणा म्हणजेच पाउलो गोन्साल्विस. तरी तो पुन्हा उतरला आणि २०२२ मध्ये त्याने डकारचा एक टप्पा जिंकला, भारतीय टीमचा पहिलाच. संतोष मात्र २०२१ नंतर डकारमध्ये उतरला नाही. बंगळूरजवळ त्याने उभारलेल्या ‘बिग रॉक’ पार्कमध्ये नवे रायडर शिकतात. कुणी त्याला कमी रायडर म्हणत नाही.

आणि वेन रेनी. सलग तीन वर्षं, १९९० ते १९९२, ५०० सीसीचा जगज्जेता. १९९३ मध्ये इटलीत पडला आणि छातीखालचं शरीर कायमचं लुळं झालं. केविन श्वाँट्झ त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी, ट्रॅकवर दोघांचं अजिबात पटायचं नाही. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूडला रेनी आपल्या जुन्या यामाहावर बसला. पायाचा गिअर हाताने टाकता येईल असा बदल केलेला. सोबत केनी रॉबर्ट्स, मिक डूहन आणि तोच श्वाँट्झ, आपापल्या गाड्यांवर. अपघाताला जवळपास तीस वर्षं झाली होती. शर्यत नव्हतीच. सगळे त्याच्या वेगाने चालवत होते.

आपल्यासाठी गोष्ट साधी आहे. तो परत चालवणार असेल, तर आधी मोकळं मैदान, मग गल्ली, मग रस्ता. नवीन हेल्मेट आयएसआय मार्कचं, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट वापरायचं नसतं. पहिल्या राईडला त्याला मध्ये ठेवा आणि वेग त्याला ठरवू द्या. चालवणार नसेल, तर पन्हाळ्याला गाडीत बसवून न्या. झुणका-भाकरी खाताना तो ग्रुपमध्येच असतो.

येत्या रविवारी निघण्याआधी तावडे हॉटेलपाशी फक्त दहा मिनिटं काढा. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये रक्तगट आणि घरचा एक नंबर लॉक स्क्रीनवर दिसेल असा ठेवा. एका गाडीच्या डिकीत प्रथमोपचाराची पेटी. सगळ्यात शेवटी कोण चालवणार, ते ठरवा, आणि तो तुमच्यातला सगळ्यात अनुभवी असू दे. मागच्या सीटवरच्यालाही हेल्मेट. आणि एक गोष्ट तोंडाने बोलून घ्या, प्रत्येकाने ऐकेल अशी : कुणी पडला, तर त्या दिवशी राईड सगळ्यांची संपली. आणि तो चालायला लागेपर्यंत सोमवार-गुरुवार कुणाचा, तेही तिथंच ठरवा.