व्याख्यानाचा तास आणि संगणक

‘लेक्चर’ हा शब्द ‘वाचणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मध्ययुगीन विद्यापीठांत ग्रंथ हस्तलिखित व महाग असत. म्हणून गुरूने वाचावे आणि शिष्यांनी ऐकावे, अशी रीत पडली. मुद्रणकलेला पाच शतके लोटली, तरी ती रीत वर्गातून गेली नाही. आम्हीही, कबूल करावयास हवे, कित्येक वर्षे टिपणे वाचूनच शिकविले.

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मॅझूर ह्यांचा अनुभव येथे मननीय आहे. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला एक साधी चाचणी दिली. जड मालमोटार हलक्या मोटारगाडीवर आदळली, तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा जातीचे प्रश्न. (दोन्ही बले सारखीच असतात.) तेव्हा वर्गातून पृच्छा झाली : उत्तरे आपण शिकविल्याप्रमाणे लिहावीत, की आम्हांस स्वतःस वाटते त्याप्रमाणे? मुखोद्गत प्रश्नोत्तरे ऐकून समाधान मानणाऱ्या आपणांपैकी कोणास ही पृच्छा परकी वाटेल?

मॅझूर ह्यांनी क्रमच उलटविला. पाठ आधी घरी वाचावयाचा. काय कठीण गेले ते संगणकावरून आदल्या दिवशी कळवावयाचे. प्राध्यापकांनी ते वाचून तास आखावयाचा. वर्गात एक प्रश्न मांडला जाई व प्रत्येकजण एकट्याने उत्तर देई. सुमारे तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर आली, की शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर द्यावयाचे. नुकतेच समजलेला विद्यार्थी शेजाऱ्याची अडचण गुरूपेक्षा लवकर ओळखतो.

पर्थ येथील मार्टिन डूगियामस ह्यांनी २००२ साली प्रसृत केलेली ‘मूडल’ ही विनामूल्य संगणकप्रणाली ह्या कामी उपयोगी पडते. पाठ, प्रश्नावली, चर्चा, सर्व तिच्यात ठेवता येते. परंतु आम्ही पाहिले ते असे, की पुष्कळ ठिकाणी ती टिपणांचे कपाट होऊन बसते. विद्यार्थ्यांची उत्तरे तासापूर्वी कोणी उघडीत नाही.

दृक्श्राव्य साधनांबाबत कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर ह्यांचे प्रयोग ध्यानी घ्यावेत. चित्र दाखवीत बोलावे. मात्र तेच शब्द पडद्यावरही छापले, तर शिकणे बहुधा उणावते, कारण डोळा चित्र व अक्षरे ह्यांत वाटला जातो. पौलाच्या प्रवासांचा नकाशा दाखवावयाचा तर केवळ नकाशाच दाखवावा. अपरिचित ग्रीक संज्ञा प्रथमच उच्चारावयाची असेल, तेव्हा मात्र तो एक शब्द अवश्य लिहून दाखवावा.