कोनफ्लॉवर : वाणांची निवड व जोपासना

सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्या कुळातील कोनफ्लॉवर ही बहुवर्षायू वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेतील गवताळ माळांची. फुलाचा मध्यभाग शंकूप्रमाणे उंचावलेला व टोकदार असतो. एकिनेशिया हे तिचे शास्त्रीय नावही जाहक या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावावरून आले आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बागांत मुख्यतः पर्प्युरिया या जातीचे जांभळट गुलाबी व पांढरे वाण लावले जात. आडव्या पसरलेल्या पाकळ्यांचा ‘मॅग्नस’ हा वाण अमेरिकेत १९९८ चे ‘बहुवर्षायू रोप’ म्हणून निवडला गेला. पुढे ओझार्क डोंगराळ भागातील पिवळ्या पॅराडॉक्सा जातीशी संकर झाले आणि नारिंगी, पिवळे व तांबडे वाण बाजारात आले. दुहेरी फुलांचे वाणही निघाले.

तथापि निवड केवळ रंगावरून करू नये. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती कडेची पुष्पके वंध्य असतात. मध व बी शंकूतील बारीक पुष्पकांतच तयार होते. दुहेरी फुलांत हीच पुष्पके पाकळ्यांसारखी झालेली असल्याने मधमाश्यांना व फुलपाखरांना तेथे फारसे काही लाभत नाही आणि हिवाळ्यात गोल्डफिंच पक्ष्यांना बीही मिळत नाही. म्हणून बागेत निदान काही एकेरी वाण अवश्य असावेत.

लागवडीसाठी भरपूर ऊन व उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. हिवाळ्यात मुळांशी पाणी साचल्यास रोपे कुजतात. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर राखावे. पेरणीपूर्वी बी काही आठवडे थंड व ओलसर ठेवल्यास उगवण सुधारते. संकरित वाणाच्या बियांपासून मातृरोपासारखीच रोपे मिळतील, असा भरवसा धरू नये. अशा वाणाची तयार रोपे घ्यावीत व पहिल्या वर्षी कळ्या खुडून मुळांना बळ धरू द्यावे.

फुले हिरवी व वेडीवाकडी होऊन शंकूतून पानांचे झुबके निघू लागल्यास तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा ‘ॲस्टर यलोज’ हा रोग समजावा. त्यावर उपाय नाही. विचित्र रूपाच्या मोहाने असे झाड राखू नये. ते समूळ उपटून नष्ट करावे, अन्यथा शेजारची झाडेही रोगास बळी पडतात.