आयडलिंगला गाडी थरथरते? प्लगआधी हवा तपासा

सिग्नलला पेट्रोल गाडी थरथरते, पण ॲक्सिलरेटर दाबला की सुरळीत चालते? मग पहिला संशय प्लगवर नको, चोरट्या हवेवर घ्या. आयडलिंगला, साधारण ७०० ते ८०० आरपीएमवर, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरदार असतो. तडकलेल्या रबरी नळीतून किंवा गॅस्केटमधून शिरणारी थोडीशी हवाही तेव्हा मिश्रण बिघडवते. वेग वाढला की एकूण हवेत तिचा वाटा नगण्य होतो. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ओबीडी स्कॅनरवर हे स्वच्छ दिसतं: आयडलिंगला फ्युएल ट्रिम (संगणकाने इंधनाच्या मात्रेत केलेली दुरुस्ती) +१० टक्क्यांच्या वर, आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ.

‘प्लग स्वस्त आहेत, बदलून टाकू,’ असं म्हणणारे चूक नाहीत. मिसफायरचा कोड आला असेल तर प्लग आणि कॉइल आधी बघायलाच हवेत. पण कोड नसताना प्लग बदलले, तर गळती तशीच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एअर-फ्लो सेन्सरऐवजी मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर असलेल्या गाड्यांमध्ये ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच वाढतं. तिथे स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी, करून घ्या. तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नका, तो पेट घेतो.