शल्यविशारदाचे पुस्तक आणि दादांचा चहा

आमच्या थोरल्या दादांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली. साखर वर्ज्य म्हणून ते चहात ॲस्पार्टेमची गोडगोळी टाकीत. मध्यंतरी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा दोन चमचे साखर सुरू केली. विचारले, तर एक पुस्तक पुढे केले. "अरे, मेंदू उघडून पाहिलेला माणूस लिहितो आहे हे! आपण कोण बोलणार?"

पुस्तक अमेरिकेतील निवृत्त मेंदू-शल्यविशारद डॉ. रसेल ब्लेलॉक यांचे, 1994 सालचे. अजिनोमोटोतील ग्लुटामेट आणि ॲस्पार्टेम मेंदूच्या पेशींना प्रमाणाबाहेर चेतवून मारतात, असे त्यांचे प्रतिपादन. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते मान्य नाही.

तरी हे सारे हवेतले आहे, असेही नाही. 1969 साली जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचले, तेव्हा त्यांच्या मेंदूला इजा झालेली आढळली. अर्धांगाच्या झटक्यात मेंदूतलेच ग्लुटामेट साचून पेशी मरतात, हेही आज मान्य आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण शीत त्याच भातातले हवे. उंदराच्या कातडीखाली टोचलेले आणि आपण ताटातून खाल्लेले, एक नव्हे. खाल्लेले ग्लुटामेट बहुतांशी आतड्यातच खर्ची पडते. रक्तातलेही मेंदूत सहजी शिरत नाही. शिवाय ते टोमॅटोत आहे, आईच्या दुधात तर भरपूर आहे.

ॲस्पार्टेमची कथा थोडी निराळी. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' ठरविले, तेही पुरावा तोकडा असल्याचे सांगून. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली.

आमच्या जुन्या घरांत डॉक्टरांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. हा आदर मला मोडावयाचा नाही. ज्या हातांनी मेंदूवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांना नमस्कारच करावा. पण हाताचे कसब निराळे आणि अन्नाविषयीचा निवाडा निराळा. तो पदवीने होत नाही. मात्रा आणि प्रयोग पाहूनच करावा लागतो.

दादा जन्मभर हिशेबखात्यात होते. म्हणून मी वाद घातला नाही, कागद-पेन्सिल घेतली. त्यांचे वजन 60 किलो, म्हणजे मर्यादा 2400 मिलिग्रॅम. एका गोळीत 20 च्या आसपास, आणि चहा दिवसाला चार कप. म्हणजे सारे मिळून 80. दुसऱ्या बाजूला मी त्यांच्या रक्तातल्या साखरेचे ताजे आकडे मांडले, आणि महिनाभर न भरलेली पायाची जखम.

दादांनी बेरीज दोनदा तपासली. मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "गोळीही नको, साखरही नको. कोराच दे."

पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडे केले. पुस्तक मात्र अजून उशाशीच आहे. असू द्यावे, साखरेचा डबा फडताळात गेला, एवढे मला पुरे.